दिलेल्या लेकीचं रक्त

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या बाजारात भाजी घेत होते. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, तलवाड्याला दिलेल्या. शेजारीण म्हणाली, "लेक दिलेली, माहेरी सुतक थोडंच असतंय." नेमक्या याच हिशेबावर अक्का शेवटी शेवटी फार चिडायच्या.

अक्कांनी चार लेकरं अंगावर पाजली, जाऊ आजारी पडली तेव्हा तिचंही पाजलं. मी तपासून घ्या म्हणाले की हसायच्या. "अगं, एवढी पाजणारी बाई मी. तो रोग शहरातल्या बायांचा." छातीत गाठ हाताला लागली तरी ती दुधाचीच असं म्हणत राहिल्या... धाकटा तेव्हा कॉलेजात होता! संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बाळंतपणं आणि अंगावर पाजणं यांनी बहुतेकींचा धोका कमी होतो, पण आईबापाकडूनच दोष आलेला असेल तर त्या भरवशावर राहता येत नाही. घरात आधी कुणाला होतं का, त्यांनी विचारलं. "कुणालाच न्हाई," अक्का म्हणाल्या. परतताना बसमध्ये एकदम माझा हात धरला. "अगं, आत्या!" माझ्या सासऱ्यांची ही बहीण तरुणपणीच छातीच्या गाठीने गेली होती. ती पालीला दिलेली, म्हणून तिचा आजारही पालीकरांचा धरला गेला. आमच्या घरात तो कुणी मोजलाच नव्हता.

अक्कांच्या तपासणीत दोष निघाला, वडिलांकडून आलेला. म्हणजे तो माझ्या यजमानांत असू शकत होता, आणि त्यांच्याकडून आमच्या प्राचीत. किमोने केस गेलेले, तरी डोक्यावर पदर आवळून अक्का एसटीने आमच्याकडे आल्या.

"भास्कऱ्या, रगत तपासून घे."

"मी बाप्या माणूस, मला काय होतंय?"

"तुझं ऱ्हाऊ दे, पोरीचं बघ."

"तिचं लग्न जमवायलोत, अक्का. लोकांना कळलं म्हंजे?"

"आत्या पालीला गेली, तर रगत बी पालीचं झालं व्हय?" मग माझ्याकडे वळून, "चहा टाक गं. घाबरलाय ह्यो."

यजमानांत दोष निघाला. प्राचीतही. मग तिने अक्कांना फोन लावला. "आत्या, लवकर लेकरं झाली तर मी वाचंन का?"

"मला चार झाली, बघ माझ्याकडं. तुला हवी तवा होऊ दे. तपासाया मात्र जात जा." प्राची जाते. एक स्थळ खरं सांगितल्यावर मोडलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "बरं झालं, अगोदरच पळाले."

पंचमीला लेकींना माहेरी आणायची रीत आहे. आत्या गेल्यापासून तिच्या लेकींना आणायला आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं. अक्का गेल्यानंतरच्या या पंचमीला यजमान स्वतः गेले आणि दोघींना घेऊन आले. जेवणं झाल्यावर त्या मधल्या खोलीत टेकल्या. माहेरी आल्या की अक्का तिथेच पाय पसरून बसायच्या. मी सांगायला तोंड उघडलं, तर यजमानांनी हातानेच थांबवलं.

"आत्याचा आजार आमच्याच घरचा हाय," ते म्हणाले. "तुमी दोघी तपासून घ्या."

थोरली म्हणाली, "इतक्या वर्सांनी माहेर आठवलं, ते ह्याच्यासाठी?"

"व्हय," यजमान म्हणाले. "अक्कानं पाठवलंय."