परीक्षितचं एकुलतं एक भाषण

परीक्षित गाडेकर आयुष्यात एकदाच माईकसमोर उभा राहिला आणि तेवढ्यात घोळ करून बसला. एरवी हा माणूस बोलायचाच नाही. ऑफिसात मीटिंग असली की शेवटची खुर्ची पकडायची, मान हलवायची आणि जागेवर येऊन निमूट काम उरकायचं. बायको उत्तरा म्हणायची, "तुझ्याशी भांडायचं तर दोघांचं मलाच बोलावं लागतं."

संगमनेरचा पोरगा. वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, तिथून डॅलसला आला. येऊन वर्ष होतंय न होतंय तोवर दोन हजार एकची पडझड सुरू झाली. टेलिकॉम कंपन्या पत्त्यांसारख्या कोसळल्या, त्यात परीक्षितची नोकरी गेली. व्हिसा कंपनीच्या नावावर, म्हणजे नोकरीबरोबर तोही गेला. उत्तराला सातवा महिना. परत जायचं तर विमानात बसायलाही डॉक्टर नको म्हणत होता.

कुणीतरी नरेंद्र दाभाड्यांचा नंबर दिला. हा माणूस पंचवीस वर्षं टेक्सासमध्ये. डॅलसजवळ फ्रिस्कोला मोठं घर, आणि स्वतःची छोटी कन्सल्टिंग कंपनी. आपल्याकडची पोरं नोकरीत घ्यायची आणि मोठ्या कंपन्यांना कॉन्ट्रॅक्टवर द्यायची, असा धंदा. परीक्षित फाइल घेऊन गेला. दाभाड्यांनी फाइल उघडलीच नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं. शोभनावहिनींनी कढी-खिचडी वाढली, उत्तरासाठी डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी परीक्षित कंपनीच्या पटावर, व्हिसाचे कागदही तिथूनच. काम काही नव्हतं, सगळं मार्केटच झोपलेलं. तरी पैसे येत राहिले. अनया झाली तेव्हा हॉस्पिटलच्या खाली गाडी घेऊन दाभाडेच उभे होते.

त्या दिवसापासून परीक्षितसाठी ते नरेंद्रदादा. दादा म्हणाले पूर्व तर पूर्व. दादांबद्दल कुणी वाकडं बोललं की हा न बोलणारा माणूस तिथून उठून जायचा. दर रविवारी सकाळी फ्रिस्कोला चक्कर ठरलेली. दादांचं लॉन कापायचं, ग्रोसरी आणून द्यायची, चहा प्यायचा, परत.

पुढे अर्विंगला प्रोजेक्ट मिळालं आणि दादांनी पगाराची पद्धत समजावली. अर्धा पगार पगार म्हणून मिळणार. उरलेला अर्धा दादांची कुठल्याशा बेटावरची दुसरी कंपनी लोन म्हणून देणार. लोन ही काही कमाई नव्हे, म्हणून त्यावर टॅक्स नाही. कागदावर कर्ज. हातात पगार.

"दादा, लीगल आहे ना पण?"

"पऱ्या, तुझ्या वडिलांनी डेपोच्या सोसायटीचं कर्ज काढलं होतं ना? त्यावर टॅक्स भरला होता का?"

"नाही."

"मग?"

"पण ते त्यांनी फेडलं."

दादा खो खो हसले. "वेडा आहेस का? फेडायला दिलेत का तुला?"

परीक्षितने सही केली. दादांच्या सगळ्याच पोरांनी केली. टाउनहाउस घेतलं, संगमनेरच्या घरावर स्लॅब पडली. तीन वर्षं मजेत गेली.

मग दोन हजार पाचच्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने दादांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, स्टेजमागे मोठा बॅनर. आता दादांबद्दल बोलायचं कुणी? सगळे टाळायला लागले. एकाचा आवाज बसला, दुसऱ्याचं पोरगं नाटकात होतं. दादा म्हणाले, "पऱ्या बोलेल."

परीक्षित घामाघूम होऊन उभा राहिला. पहिल्या दोन वाक्यांत अडखळला. मग त्याला कढी-खिचडी आठवली आणि बांध फुटला. म्हणाला, "आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो दादांमुळे. हा माणूस देतो आणि विसरतो. तीन वर्षं झाली, मला कर्ज म्हणून पैसे देतायत. 'परत कर' हा शब्द तोंडातून एकदा निघाला नाही. मी म्हटलं, दादा, माझ्या वडिलांनी त्यांचं कर्ज फेडलं होतं. तर म्हणाले, वेडा आहेस का, फेडायला दिलेत का तुला? असा माणूस मला दाखवा."

हॉल टाळ्यांनी दणाणला. बायका डोळे पुसत होत्या. दादांनी शालीचं टोक डोळ्याला लावलं. आणि मंडळाने त्याची डीव्हीडी काढून घरोघर वाटली.

पुढच्या वर्षी टॅक्सवाले आले. दादांच्या कंपनीचं ऑडिट. लोन कसलं, हा पगारच आहे, असं त्यांचं म्हणणं. दादांचं म्हणणं, लोन म्हणजे लोन, पोरं सावकाश फेडतील. वकील आले, तारखा पडल्या. मधे दादांना काय सुचलं कोण जाणे. ऑडिटला येणारा ऑफिसर त्यांना फार कोरडा वाटायचा. चहा दिला तर घ्यायचा नाही, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचा. दादा घरी म्हणाले, "त्याला कळू तरी दे कुठल्या माणसाच्या दारात आलाय." आणि सत्काराची डीव्हीडी त्याच्या हातात दिली. स्वतःच्या हाताने. वकिलाला विचारलंही नाही.

ऑफिसर थँक्यू म्हणाला. भाषांतर करायला माणूस नेमला. परीक्षितचं भाषण इंग्रजीत टाइप होऊन केसमध्ये लागलं.

त्यानंतर सगळ्या पोरांना तडजोडीचं बोलावणं आलं. मागचा टॅक्स व्याजासकट भरा, दंड जवळजवळ माफ करतो. पण लिहून द्या, की हे लोन नव्हतं, फेडायचं नाही हे दाभाड्यांनी स्वतः सांगितलं होतं. नाही दिलं तर पूर्ण दंड, आणि फसवणुकीचा शिक्काही बसू शकतो. परीक्षितचं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यात होतं. तो शिक्का बसला की तेही बहुतेक गेलं, असं वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं.

परीक्षित ऐकत होता. वकीलबाईंच्या टेबलावर बाउलमध्ये गोळ्या होत्या, हिरव्या आणि पिवळ्या. त्याने एक उचलली, कागद काढला आणि हातातच धरून बसला. घाबरायला पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. पण भीती येतच नव्हती. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गाल आपला वाटत नाही, तसं अख्खं अंग झालं होतं.

"तुम्हाला काही विचारायचंय?" बाई म्हणाल्या.

"बाकीच्यांनी काय केलं?"

"ते मी सांगू शकत नाही."

बाहेर आला तर पार्किंगमध्ये गाडी सापडेना. समोरच उभी होती.

घरी उत्तराने एकदाच विचारलं. "काय करणार आहेस?"

"बघू."

"बघू काय, परीक्षित? बघू म्हणायची वेळ गेली. बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात. मला बायकांकडून कळलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. आणि परवा त्यांच्याकडे जेवायलाही गेले होते. पुरणपोळ्या हाणून आले, एकाने तोंड उघडलं नाही."

परीक्षितने रिमोट उचलला, टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला आणि बघत बसला. अनया येऊन म्हणाली, "बाबा, साउंड इज ऑफ." तो म्हणाला, "असू दे."

रविवारी सकाळी तो फ्रिस्कोला गेला. गॅरेज उघडं होतं. दादा जुन्या टीशर्टात लॉनमोवरचं पातं काढत बसले होते. वर्षभरात माणूस सुकून गेला होता.

"दादा, मी मंगळवारी सही करणार आहे," परीक्षित म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

दादा पातं फिरवत राहिले. "बाकीच्यांनी केली तेव्हा कुणी सांगायला आलं नाही. तू आलास."

"सांगायला पाहिजे होतं."

"बस." दादांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलली. "सही कर. टॅक्स भर. पोरीचं, ग्रीन कार्डचं बघ. मी अडवत नाही. बाकीच्यांच्या सह्यांनी मला काही होत नाही, ते घाबरले म्हणून सही केली असं माझा वकील म्हणेल. माझ्या गळ्याला फास आहे तो तुझ्या भाषणाचा. ते तू ऑडिटच्या वर्षभर आधी केलंस. तुला कुणी घाबरवलं नव्हतं."

"हो."

"म्हणून एकच कर. मंगळवारी तो भाषणाबद्दल विचारेल. तू म्हण, सत्कारात माणूस वाढवूनच बोलतो. आमच्यात पद्धत आहे. अरे, आहेच ना पद्धत? त्या साठेंच्या सत्कारात त्यांना हिमालय म्हणाले. साठे लोकांना साधा फोन परत करत नाहीत. सत्काराच्या भाषणात कुणी खरं बोलतं का?"

शोभनावहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या. तिथेच थांबल्या.

"मी खरं बोललो होतो, दादा," परीक्षित म्हणाला.

"ते मला माहितीय रे!"

"आयुष्यात एकदाच बोललो. ते खोटं होतं म्हणून सांगू?"

"शब्दच आहेत, पऱ्या! तुला घरात घेतलं तेव्हा मी शब्द मोजले होते का? कंपनी जाईल माझी. हे घर जाईल. ह्या वयात."

परीक्षित खाली बघत होता. गॅरेजच्या फरशीवर तेलाचा डाग होता, त्याच्या कडेने एक मुंगी चालली होती. दादांनी किडनी मागितली असती तर त्याने शर्ट वर केला असता. पण हे मागत होते ते वेगळंच. नरेंद्रदादा चांगला माणूस आहे हे आपण उगाच, टाळ्यांसाठी बोललो, असं तोंडाने म्हणायचं. ते त्याला सुचेचना.

"वहिनी, मी निघतो," एवढंच म्हणाला. चहा ट्रेमध्येच राहिला.

मंगळवारी ऑफिसरने कागद पुढे ठेवला. बाजूला भाषणाचं भाषांतर. वकीलबाईंनी परीक्षितच्या कोपराला हात लावला, थोडक्यात उत्तर दे म्हणून.

"हे तुम्ही बोललात?"

"हो."

"प्रसंगापुरतं वाढवून बोलला असाल, असंही दाभाड्यांच्या वकिलाने कळवलंय. तुम्हाला यात काही बदलायचंय?"

म्हणजे दार उघडं ठेवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आणि त्याने जन्मभर मानच तर हलवली होती.

"नाही," परीक्षित म्हणाला. "शब्द न् शब्द खरा आहे. ही इज अ गुड मॅन. ते पण लिहा."

ऑफिसरने फॉर्म पुढे सरकवला. "ते लिहायला इथे जागा नाही, सर."

परीक्षितने सही केली. लिफ्टमधून खाली आला, गाडीत बसून दादांना फोन लावला.

"काय सांगितलंस?" दादांनी विचारलं.

"खरं होतं म्हणून."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग दादा म्हणाले, "ठीक आहे. आता इकडे येऊ नकोस." आणि फोन ठेवला.

परीक्षित ऑफिसला गेला. लंच केला. एक बग फिक्स केला. संध्याकाळी अनयाला स्विमिंगला नेलं. उत्तरा म्हणाली, "रडून तरी घे." तो म्हणाला, "येत नाहीये."

त्या रविवारी सकाळी त्याने किल्ल्या उचलल्या.

"कुठे निघालास? येऊ नको म्हणालेत ना ते!"

"लॉन वाढलं असेल," परीक्षित म्हणाला.

फ्रिस्कोला बेल वाजवली. गाड्या दोन्ही दारात होत्या. आतून फोडणीचा वास येत होता. दार कुणी उघडलं नाही. गॅरेज बंद, मोवर आत. तो पायरीवर बसला. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं तेव्हा उठला आणि घरी आला.

"उघडलं?" उत्तराने विचारलं.

"नाही."

पुढच्या रविवारी निघताना त्याने डिकीत स्वतःचा मोवर टाकला.