गिरजाबाई म्हणते, ‘न्हाई खाल्लं!’

बायका चहाला जमल्या की मूल सांभाळणाऱ्या बाईचा विषय निघतोच. एकीनं एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात आणि चहा गार होतो. माझ्याकडे तर एकट्या गिरजाबाईचेच इतके साठलेत, की सुरुवात कुठून करू कळत नाही! परवा सुनेनं नातीच्या बाईला फोन केला. “सगळं छान आहे,” असं उत्तर आलं. सून निवांत झाली. मी मात्र उठून चपला शोधायला लागले. ‘छान आहे’ ऐकलं की अजूनही माझं असंच होतं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. राहात्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. हे लॅबमध्ये केमिस्ट, शिफ्टची नोकरी. मी शाळेत शिक्षिका. आमचा मिलिंद तेव्हा वर्षाचाही नव्हता. गिरजाबाई पाथर्डीकडची, ऊसतोडीला आलेली. कोयता झेपेना म्हणून वसाहतीत पोरं सांभाळू लागली होती.

*

पहिल्याच दिवशी शाळेतून धावत घरी आले.

“भात खाल्ला का हो त्यानं?”

“कुठलं वो, ताई! न्हाईच खाल्लं. नुसतं त्वांड फिरवतंय.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वर, “वाळत चाललंय लेकरू!” माझ्या घशाखाली घास उतरेना. वर्गात पाढे म्हणून घेताना डोळ्यांसमोर उपाशी मिलिंद यायचा. नोकरी सोडावी, असं रोज वाटायचं.

शेवटी एसटीनं त्याला राहात्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला काट्यावर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाळ उत्तम आहे. तुम्ही जेवता का?”

*

घरी येऊन मी गिरजाबाईला धारेवर धरलं. “खोटं का सांगता?”

ती घाबरली. आधी दार लोटून घेतलं, मग हळूच म्हणाली, “आवो, खाल्लं म्हनलं की दिष्ट लागती! माझ्या थोरल्याला लई खातो, लई खातो म्हनत हुते समदे. ऱ्हायला न्हाई त्यो.”

मी मिलिंदला उचलून जवळ घेतलं. भीतभीत विचारलं, “मग आज?”

तिनं मिलिंदची रिकामी वाटी उचलून माझ्यासमोर धरली आणि मोठ्यानं म्हणाली, “न्हाई खाल्लं!”

*

ह्यांना हे पटेना. “आपण सरळ नियम करू,” म्हणाले. गिरजाबाईला समोर बसवून समजावलं, “जसं असेल तसं सांगायचं. भ्यायचं नाही.”

“व्हय सायेब.”

हे खूश! त्या आनंदात मिलिंदला उचललं आणि म्हणाले, “वा, काय गुटगुटीत झालाय!”

गिरजाबाई ताडकन उठली. मीठ-मोहऱ्या आणून मिलिंदची दृष्ट काढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, सायेबांस्नी लेकरासमोर बोलू देत जाऊ नगा.”

*

मग मीही एक नियम केला. काजळाची तीट गालाला लावायची नाही, डोळ्यांत जाते. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गाल स्वच्छ, कपाळ स्वच्छ. म्हटलं, चला, एक तरी गोष्ट ऐकली!

संध्याकाळी मिलिंदचे पाय धुवायला घेतले, तर तळव्यावर रुपयाएवढा काळा ठिपका.

“तुमी गालाला नगं म्हनला हुता,” गिरजाबाई शांतपणे म्हणाली.

*

हळूहळू मला तिची भाषा कळायला लागली. “लई किरकिर केली” म्हणजे दिवसभर हसत होता. “डोळ्याला डोळा न्हाई” म्हणजे ढाराढूर झोपला. तक्रार ऐकली की मला भूक लागायची!

एकदा स्टाफरूममध्ये कुणी तरी मिलिंदची चौकशी केली. मी पटकन म्हणाले, “कसला हो, पार हडकलाय!” घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “झालं! आता घरात दोन गिरजाबाया.”

*

आणि मग वसाहतीत गोवर आला. शेजारच्या ओळीतली दोन पोरं तापानं फणफणली होती. माझी रजा संपलेली, ह्यांची दिवसपाळी. सकाळी घराबाहेर पाय निघायचा नाही. संध्याकाळी मी कोपऱ्यावर वळले की गिरजाबाईचा आवाज यायचा, “आलात का? लई छळलं बगा आज!” आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

एक दिवस कोपऱ्यावर वळले, तर आवाज नाही. गिरजाबाई आमच्या फाटकाशी उभी होती. कडेवर मिलिंद नव्हता.

“काय हो, काय म्हणतोय आज?”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“ब्येस हाय, ताई,” ती म्हणाली. “लई गुनाचं वागलं आज. पोटभर जेवलं. काईच तरास न्हाई दिला.”

मी पिशवी फाटकातच टाकली आणि घरात धावत सुटले. माझ्यामागं गिरजाबाईही धावत होती.