विमानांना वाट सांगणारा शेजारी

अमेरिकेत मुलाच्या घरामागच्या गोठलेल्या तळ्याच्या मधोमध माझ्या पायाखालचा बर्फ तडकला. सून नको म्हणत असताना मी जवळची वाट म्हणून तिथून निघाले होते. काठावरून मुलगा ओरडला, "आई, पळ!" त्याला गप्प करून शेजारचा गोरा एका सुरात म्हणाला, "स्टॉप. से इट."

"स्टॉप," मी म्हणाले आणि थांबले.

ही त्याची खोडच होती. कचऱ्याची गाडी कधी येणार ते सांगितलं, तरी तो माझ्याकडून परत वदवून घ्यायचा. पूर्वी तो रडारच्या पडद्यावर बघून विमानांना वाट सांगायचा. लहानपणापासून त्याला तीच नोकरी हवी होती. तिथे वैमानिकाने ऐकलेलं परत म्हणून दाखवल्याशिवाय ते त्याला पोचलं असं धरत नाहीत. मग कामाचे तास कमी करा म्हणून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी संप केला. दोन दिवसांत परत या, नाहीतर घरी बसा, असं सरकारने बजावलं. हा गेला नाही. आता लोकांची घरं रंगवतो.

"डाउन," तो म्हणाला. मी लुगड्यासकट पालथी पडले. "लेफ्ट. स्लो." एकेक शब्द परत म्हणत मी सरपटत काठाला लागले.

मुलाने गोऱ्याचे हात धरले. "एवढं नेमकं काम येतं तुला. सरकारपुढे थोडा वाकला असतास, तर असली नोकरी गेली नसती."

"नो," तो म्हणाला. "से इट."

मुलगा माझ्या लुगड्यावरचा बर्फ झटकू लागला. मीच म्हणाले, "नो."

तो त्या नोकरीवर कधीच परत गेला नाही. मी वाचले.