येऊ दे, उस्ताद

साल दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा बहात्तर. शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी ढोरांमागं गेली. लिहिण्यात चूक असेल तर संपादकांनी दुरुस्त करावी, पण मजकुराले हात लावू नये. मी जे ऐकलं तेच लिहून राहिलो.

पहिलेच सांगून ठेवतो... भूत, चकवा, लागीर, हे मी मानत नाही. सावनेरकडच्या खाणीतून खापरखेड्याच्या पॉवर हाऊसले कोळसा आणण्यात माझी जिंदगी गेली. बाकीचे ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सांगत, अमक्या पुलावर बाई हात दाखवते, तमक्या वळणावर कोणी आडवं येते. मी म्हणत असे, "मले काहून नाही दाखवत हात? माझं थोबाड पाहून पळते का?" सारे हसत. मले खरंच कधी काही दिसलं नाही.

आणि जे झालं तेव्हाही दिसलं काहीच नाही. ऐकू आलं.

ट्रक सुटल्यावर मी एक जुनी कार घेतली. पांढरी. आमच्याकडे पॉवर हाऊसची राख पडते, सकाळपर्यंत गाडी करडी होऊन जाते. मी समोरची काच पुसतो, दोन आरसे पुसतो. मागची काच कधीच पुसली नाही. कोळशाच्या ट्रकमधून मागचं कुठं दिसते? जिंदगीभर आरशावर आणि आवाजावर रिव्हर्स घेतला. आता काय काचेतून डोकावू?

माझा मुलगा प्रवीण पॉवर हाऊसमध्येच नोकरीले आहे. त्याले माझं गाडी चालवणं पसंत नाही. एक दिवस फाटकाच्या खांबाले गाडी घासली, तर म्हणे, "बाबा, आता एक जरी ठोकली न, चाबी माझ्याजवळ."

"मी नाही ठोकली. खांब पुढं आला."

माझी बायको सुमन पदर तोंडाले लावून हसली. पण गाडीत बसायची ती माझ्याच. प्रवीणच्या गाडीत तिले मळमळते. सावनेरले तिच्या बहिणीकडे, डॉक्टरकडे, बाजारात, जिथं जायचं तिथं आम्ही दोघं. चाबी गेली असती तर मी ओट्यावर बसून राख मोजत राहिलो असतो. हे मले पक्कं माहीत होतं.

गाडीतला टेप मुका झाला होता. प्रवीण म्हणाला, सदरच्या बाजारात चला, स्क्रीनवाला स्टिरिओ बसवू, मागं कॅमेराही लावून घेऊ. मी म्हटलं, स्क्रीन लाव, गाणे लाव, कॅमेरा नको.

दुकानातल्या फिटिंगवाल्यानं डॅशबोर्ड उघडला. आतून शेवयांसारखे वायर निघाले. चारी दरवाज्यांत नवे स्पीकर बसवले. मग मले म्हणे, "काकाजी, कैमरा लगवा लो. रिव्हर्स डाला कि पीछे का सब दिखेगा."

"माझे डोळे तुझ्या कॅमेऱ्याच्या पहिले बनले."

"जैसी आपकी मर्जी. वायर छोड़ के रखता हूँ. रिव्हर्स में गाना बंद होगा, स्क्रीन काली होगी. घबराना मत."

मी अन् घबराईन!

दुकानासमोरून गाडी काढाले मी रिव्हर्स टाकला. गाणं थांबलं. स्क्रीन काळी झाली. आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून आवाज आला...

"येऊ दे... येऊ दे, उस्ताद... येऊ दे..."

मी ब्रेक दाबला. बाजूले बसलेल्या प्रवीणले विचारलं, "मागून कोण बोलून राहिलं?"

"कोणीच तर नाही बोललं."

फिटिंगवाला तर गाडीच्या समोर उभा होता, तोंडात स्क्रू धरून.

आता लक्ष्मणचं सांगतो. लक्ष्मण माझा क्लीनर. माझ्या ट्रकवर त्याच्याशिवाय दुसरा कोणी राहिला नाही. आमच्या लाईनीत क्लीनर ड्रायव्हरले उस्ताद म्हणते. मले उस्ताद म्हणणारा तोच, आणि तो कावीळ होऊन गेल्याले बरीच वर्षं झाली. मीच त्याले खांदा दिला होता. खाणीत धुळीनं हात दिसत नसे, तेव्हा मी त्याच्या आवाजावर ट्रक मागं घेत असो. बाकीचे क्लीनर गाडी थांबवाले "बस" म्हणत. लक्ष्मण म्हणे, "राहू दे." येऊ दे, येऊ दे, येऊ दे... राहू दे. ते ऐकलं की माझा पाय ब्रेकवर आपोआप पडे. डोक्याले विचाराचं कामच नाही.

खरं सांगतो, पहिले पहिले मले बरं वाटलं. कोणाले बोललो नाही. लोक म्हणाले असते, म्हातारा गेला कामातून. पण रिव्हर्स टाकला की लक्ष्मण हजर. मी मानही वळवत नसो. गाडी फाटकातून अशी आत जाय, की एक दिवस प्रवीण म्हणाला, "बाबा, हात सुधारला तुमचा. कॅमेरा लावून घेतला काय चोरून?"

मी मिशीवर हात फिरवला.

मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. हा "राहू दे" म्हणतच नव्हता. आमच्या अंगणात मागं नळाची भिंत आहे. जागा पाठ आहे म्हणून मी आपल्याच अंदाजानं थांबत होतो. थांबलो, तरी स्पीकरमधून चालूच, "येऊ दे, उस्ताद... येऊ दे..." मी गिअर काढत नाही तोवर. भिंत दोन बोटांवर आहे, आणि हा म्हणते येऊ दे!

लक्ष्मणनं जिवंतपणी कधी असं केलं नाही. एकदा तापानं फणफणला होता, उभं राहता येत नव्हतं, तरी खाली बसून "राहू दे" म्हणाला होता. मी विचार केला, मशीन आहे, बिघडलं असंल. मशीनले माझ्या क्लीनरचा आवाज कुठून आला, हा विचार मी केला नाही. करायचा नव्हता म्हणून केला नाही.

त्या दिवशी आम्ही सावनेरवरून आलो. ऊन चांगलं कडक होतं. सुमनच्या बहिणीनं तुरीच्या शेंगा दिल्या होत्या थैलीभर. सुमन थैली घेऊन उतरली, फाटक उघडलं, आणि मले हात केला. मी रिव्हर्स टाकला.

"येऊ दे... येऊ दे, उस्ताद..."

दोन्ही आरशांत पाहिलं. खांब बरोबर, जागा मोकळी. सुमन दिसली नाही. मले वाटलं, घरात गेली. मागच्या काचेवर राख. आवाज त्या दिवशी वेगळा होता... घाईचा. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." मधात श्वासच घेत नव्हता. मी गाडी सोडली.

तेवढ्यात बाहेरून, खुल्या खिडकीतून, सुमनचा आवाज आला. "राहू दे!"

पाय पडला ब्रेकवर. गाडी बंद पडली.

खाली उतरलो. सुमन गाडीच्या अगदी मागं उकिडवी बसली होती. थैली फाटून शेंगा सांडल्या होत्या, त्या वेचून राहिली होती. गाडीचा बंपर तिच्या पाठीले टेकला होता. टेकला होता म्हणजे... पदरावर राखेचा पट्टा उमटला होता.

शेजारची मंदा कुंपणापाशी तोंडावर हात ठेवून उभी.

"माय वं! काकाजी, दिसत नाही का तुम्हाले?"

सुमनले विचारलं, "तू राहू दे काहून म्हटलं?"

"मंदा म्हणे, थांबा मावशी, मी येचू लागतो. मी म्हटलं, राहू दे वं, मीच येचतो." मग तिनं मागं वळून बंपरकडे पाहिलं, आणि तिथंच मातीत बसकण मारली.

तिनं "बस" म्हटलं असतं, "नको" म्हटलं असतं, तर माझा पाय हलला नसता.

गाडी फाटकात तशीच सोडली. संध्याकाळी प्रवीणले सारं सांगितलं. तो म्हणाला, जवळपासच्या कोणाचा मोबाईल जुळत असंल स्टिरिओले. असंल. पण त्या मोबाईलले "उस्ताद" कोणी शिकवलं? मले आजपर्यंत याचं उत्तर मिळालं नाही. तो लक्ष्मण नव्हता, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणि ते कसं कळलं, ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगून थांबतो.

सकाळी प्रवीणची मोटरसायकल अंगणात, आणि फाटकात माझी गाडी आडवी. तो म्हणाला, "द्या चाबी. मी आत घेतो." मी दिली. आपल्या हातानं दिली. तो चमकून माझ्याकडे पाहाले लागला.

मी म्हटलं, "मी मागं उभा राहतो." मनात विचार होता, खरा माणूस मागं उभा असला तर खोटा काय करंल?

नळाच्या भिंतीले पाठ लावून उभा राहिलो. तोंड बंद. एक शब्द बोललो नाही. गाडी मागं आली. हळू होती, बरोबर होती. जागा संपत आली तसा मी ओरडलो, "राहू दे! थांब!"

गाडी थांबली नाही. "प्रवीण, थांब!" माझे गुडघे बंपरले लागले, पाठ भिंतीले. दोन्ही हातांनी डिक्कीवर धडाधड मारलं, तेव्हा थांबली.

प्रवीण खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मारता काहून? एकीकडे येऊ दे म्हणता अन् एकीकडे ठोकता!"

"मी कुठं म्हटलं येऊ दे?"

"मग कोणी म्हटलं? पहिल्यापासून तर सांगून राहिले, येऊ दे प्रवीण, येऊ दे प्रवीण... तुमचाच तर आवाज होता बाबा."

बोलता बोलता त्यानं वळून मागच्या डाव्या दरवाजातल्या स्पीकरकडे पाहिलं.

मी कसातरी आडवा होऊन बाहेर निघालो. खिडकीतून हात घालून चाबी काढली. नळावर फडका ओला केला, आणि गाडीची मागची काच पुसाले घेतली.