मगबाईंचा बुधवार

पडदा वर जातो. दवाखान्याच्या माडीवरची लांबट खोली. भिंतीला औषधांच्या रिकाम्या खोक्यांची चळत, कोपऱ्यात वजनाचा काटा, मधोमध गोलात मांडलेल्या खुर्च्या. दुपारचं ऊन नेमकं एका खुर्चीवर पडलंय आणि तिथे चपला काढून, पाय वर घेऊन, चष्मा पुसत बसलेली बाई म्हणजे आमची नायिका. टाळ्या नकोत, तिला आवडत नाहीत.

बाई डॉक्टर आहे. खाली सकाळ-संध्याकाळ खोकला, ताप, साखर, मुलांचे दुखरे कान. बुधवारी दुपारी मात्र ती वर येते ती फॅमिली डॉक्टर व्हायला निघालेल्या चार-पाच तरुणांसाठी. औषधं ती शिकवत नाही. पेशंट उठून गेल्यावर आपल्या आत काय उरलं, ते बघायला शिकवते. पोरं आठवड्यातला एखादा पेशंट सांगतात आणि ही प्रत्येक उत्तरावर म्हणते, "मग?" म्हणून पाठीमागे तिचं नाव मगबाई. नवऱ्याची तक्रार वेगळीच. "हिच्याशी भांडायला जावं, तर दोन-तीन 'मग' झाले की चूक माझीच निघते!"

तिचे वडील रंगमंचावरचे माझे जोडीदार. ही फ्रॉकात विंगेत झोपलेली मी पाहिली आहे. हल्ली बुधवारी मला पेशंट म्हणून बसवते. "काका, आज दमा, पण फार धापा टाकू नका," असं बजावूनही ठेवते.

त्या बुधवारी पाळी होती वक्त्यांची. मुलगा हुशार आणि बोलायला असा गोड की सोबत्यांनी नावच वक्ते ठेवलं. ट्रेनिंगचा त्याचा हा शेवटचा बुधवार. बाईंनी सही केली तर गावी स्वतःचा दवाखाना, नाही केली तर आणखी सहा महिने इथेच. थोरल्या बहिणीने भावाच्या नावाची पाटी रंगवूनसुद्धा घेतली होती.

त्याने एका म्हाताऱ्या शिंप्याची हकिगत सांगितली. गुडघा दुखतो म्हणून आलेले. तपासलं, गोळ्या दिल्या. दाराशी पोचल्यावर कडीवर हात ठेवून ते म्हणाले, "आमची ही आता मला ओळखत नाही कधीकधी."

"मग?"

"मी म्हटलं, त्यांना घेऊन या एकदा. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ते काही परत आले नाहीत, बाई. मी त्यांचं अजून नीट ऐकून घ्यायला हवं होतं."

"छान वाक्य आहे. मागच्या महिन्यात दम्याच्या आजींच्या वेळीही हेच वापरलं होतंस."

सगळे हसले. वक्तेही हसले, पण कान लाल झाले.

"काका, तुम्ही शिंपी," बाई म्हणाली.

मी लंगडत दारापर्यंत गेलो, कडीला हात लावला आणि शिंप्याचं वाक्य म्हटलं. काही रंगवलं नाही. आमच्या धंद्यात असं वाक्य नुसतं ठेवून द्यायचं असतं. वक्ते माझ्याकडे बघत राहिले.

"मग?" बाईने हळूच विचारलं.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "सगळं नीट ऐकलं होतं."

खाली संध्याकाळसाठी नंबर लावायला आलेल्या कुणाचं तरी नाव कंपाउंडरने पुकारलं.

"भूक लागली होती. बाहेर रांग होती. आणि ते आता रडतील असं वाटलं. रडले तर काय करायचं, ते मला येत नाही. म्हणून मी दाराकडे बघून पुढच्याला हाक मारली. माझ्या आजोबांनाही मी असंच करतो."

शेजारची मुलगी पुटपुटली, "मीपण." दुसऱ्याने तिच्याकडे पाण्याची बाटली सरकवली, का ते त्यालाच ठाऊक. बाईने पाय खाली घेतले, चपला घातल्या. उपदेशाचं भाषण येणार म्हणून मी मनातल्या मनात सरसावून बसलो. ते आलंच नाही.

वक्ते उठून उभे राहिले. आवाजातला गोडवा पार गेला होता. "म्हणजे सहा महिने ना, बाई? घरी कळवतो तसं."

"कशाला? बहिणीला म्हणावं, लाव पाटी. सही करते मी."

"पण मी तर आत्ताच सांगितलं की मी..."

"सांगितलंस म्हणूनच. ते छान वाक्य घेऊन गेला असतास, तर नसती केली." तिने खिशातून आपला फोन काढला, त्यात शिंप्यांचा नंबर शोधला आणि फोन त्याच्या हातात ठेवला. "हं, लाव शिंपीकाकांना. त्यांची बायको कशी आहे ते विचार. आणि हे बघ, गुडघ्यापासून सुरुवात करू नकोस."