साठाच्या पुढची थरथर

आमच्या जुन्या जीपचा काटा साठावर गेला की सीटखालून थरथर सुरू व्हायची. सासऱ्यांचं निदान पहिल्या दिवसापासून तयार होतं: गाडी बाईच्या हातात आहे.

येरमाळ्याहून येडशीच्या शाळेत मी रोज जीपनं जाते, मागच्या सीटवर आणखी तीन शिक्षिका. साठावर गाडी अशी घुमायची, की येडेश्वरी अंगात आली म्हणावं. सासऱ्यांनी उभा जन्म ट्रॅक्टर हाकला, तोही बहुतेक स्वतःच्याच वावरात. पण हायवेवरच्या माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्यांना सगळं ठाऊक. एका बुधवारी त्यांनी किल्ली सरळ बंडीच्या खिशात टाकली. "गाडी नीट होईस्तवर एष्टीनं जा." नवरा पेपरात तोंड घालून बसला. मी दहा दिवस एष्टीत उभी राहिले आणि दहा दिवस दोघांच्या चहात साखर कमी टाकली.

मग रविवार आला. नवऱ्यानं घरच्या सगळ्यांना घेऊन, हळूहळू हाकत, हायवेवरच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यानं एकट्यानं चक्कर मारली आणि सांगितलं, "मॅडम, गाडी टकाटक हाय." सासऱ्यांचा चेहरा उजळला. माझं डोकं फिरलं.

"मी एकटी जात नाही," मी म्हटलं. "मागं तीन बाया असतात, आणि त्यातली एकही बारीक नाही."

"हां, मग तसं सांगा की! मागं वजन पायजे."

मग वजन भरलं: मागं सासरे, नवरा आणि नणंद, पुढं माझ्या शेजारी मिस्त्री. काटा साठावर गेला.

"स्टेरिंग हलतंय?" मिस्त्रीनं विचारलं.

"नाही."

"मागं?"

आरशात नवरा आणि नणंद सासऱ्यांकडं बघत होते. शेवटी सासरेच म्हणाले, "हलतंय. लई हलतंय."

गरज नसताना मी आणखी दोन किलोमीटर साठावरच ठेवली. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

गॅरेजच्या खड्ड्यात उतरून मिस्त्रीनं मागच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला. कट्‌ आवाज आला. "सांध्यातला क्रॉस झिजलाय. मोकळ्या गाडीत कळत न्हाय, वजन बसलं की कोन बदलतो अन् नाचायला लागतो." त्यानं बोट फिरवून लाल गंजाची पूड दाखवली. "ग्रीस पार धुऊन गेलंय. गाडीला खालून पंपानं पाणी कोण मारतंय?"

आमच्याकडं फवारणीच्या पंपानं दर रविवारी गाडी खालून-वरून धुणारा माणूस एकच. सासऱ्यांना चक्कर यायला लागल्यापासून नवऱ्यानं त्यांचं ट्रॅक्टर चालवणंही बंद केलं होतं. गाडी धुणं, एवढंच काम त्यांच्याकडं उरलं होतं.

दहा दिवस एष्टीत उभ्यानं रचलेलं भाषण माझ्या ओठावर होतं. सासरे धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"पावसात उघड्यावर उभी असते ना गाडी," मी म्हटलं.

"पाऊस खालून पडतो व्हय?" सासरे म्हणाले. मग मिस्त्रीकडं वळले. "म्याच मारतो पाणी. दर ऐतवारी."

नवा क्रॉस बसला. मिस्त्रीनं रीतीप्रमाणं किल्ली घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात दिली. सासऱ्यांनी ती थोडा वेळ धरून ठेवली, मग माझ्या हातावर टेकवली. नवऱ्याला मागं बसवून ते स्वतः पुढं माझ्या शेजारी बसले. काटा साठावर आला तेव्हा त्यांनी सीटवर तळहात दाबून पाहिला.

"न्हाय हलत," ते म्हणाले. हात तसाच ठेवला. "अजून जराशी पळव की."