शेळी पाण्याला तोंड लावेपर्यंत

परवा नातीनं विचारलं, "आजी, तू नोकरीत नेमकं काय करायचीस?" मी म्हटलं, "कारखान्यांचं घाण पाणी बाटलीत भरून आणायचे." तिनं नाक मुरडलं. माझ्या सासूबाईंनीही अगदी असंच मुरडलं होतं.

पण काम खरंच तसं होतं. सरकार कारखान्याला संमतीपत्र देतं. पाणी किती शुद्ध करायचं, कुठं सोडायचं, अशा त्यात अटी असतात. त्या पाळल्या जातात का, हे जाऊन बघायचं काम आमच्या विभागीय ऑफिसचं. औरंगाबादच्या त्या ऑफिसात फिरतीवर जाणारी मी एकटीच बाई. वय सव्वीस, आणि तोरा एवढा की जीपमध्ये मावायचा नाही. अटी सगळ्या तोंडपाठ होत्या. पाठांतरालाच मी तेव्हा अक्कल समजत होते.

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. चिकलठाण्याकडं नव्या वसाहतींचे पाये खणणं चालू होतं, विहिरी मात्र खणून खणून कोरड्याच. अशात एका कारखान्याच्या आवारात उतरले आणि हरखून गेले. हिरवंगार लॉन, कडेनं गुलाब. शुद्ध केलेलं पाणी आवारातल्या बागेलाच द्यायचं, बाहेर थेंब सोडायचा नाही, अशी त्यांना अट होती. बाग हिरवी म्हणजे अट पाळली, असा माझा सरळ हिशेब. शुद्धीकरणाच्या हौदांत मोटारी चालू होत्या, पाण्याला छान फेस येत होता. मी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली, भरली, लाखेनं सील केली, मॅनेजरची सही घेतली. शेरा लिहिला, 'समाधानकारक'. निघताना माळ्यानं एक गुलाब कापून दिला. तो या कर्तव्यकठोर बाईनं तिथल्या तिथं केसांत खोवला.

फाटकाबाहेर लिंबाखाली एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. जीप हळू झाली तशी म्हणाली, "बाई, फूल लई झ्याक हाय. आमच्या हिरीचं पाणी बी न्यायचं व्हतं की बाटलीत."

मी म्हटलं, "मावशी, विहीर आमच्या अटींत येत नाही." आणि तिच्या अंगावर धुरळा उडवत निघाले. गुलाब सावरत, अर्थात.

आठ दिवसांनी ती ऑफिसात आली. फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या तिनं माझ्या टेबलावर ठेवला. धनगराची विधवा, चार शेळ्या आणि कारखान्यामागच्या नाल्याकाठी एक विहीर, एवढाच तिचा संसार. आसपासच्या विहिरी आटल्या होत्या. हिच्या विहिरीला पाणी होतं, पण शेळ्या त्याला तोंड लावत नव्हत्या. लावलं त्या दोघी गाभडल्या, पोटातली पिल्लं गेली. टँकरचं पाणी माणसांना मिळायचं, शेरडांना कोण देतो?

मी नियम सांगितला. असं आणलेलं पाणी चालत नाही, कारखान्याच्या माणसासमोर आम्हीच घ्यावं लागतं.

"मंग चल की."

"आत्ताच येऊन गेले ना. सगळं व्यवस्थित आहे."

"कवा आलतीस?"

"सकाळी अकराला."

ती बोळक्या तोंडानं हसली. "अकराला लाईट असती, माय. लाईट गेल्यावर ये. आन् ती गाडी नको आणू. तिच्या आवाजानंच तिथलं समदं सुदरतंय."

मला राग आला. रात्रभर तो टिकला, सकाळी त्याची लाज झाली. बाटल्या पिशवीत घालून मी सिटी बसनं गेले आणि तिच्याशेजारी लिंबाखाली बसले. तिनं अर्धी भाकरी दिली, ठेचा दिला. मग मडक्यातलं टँकरचं पाणी अर्धा पेला. स्वतः प्याली नाही. "मला तहान नाय," म्हणाली. मी प्याले. ते अर्धा पेला पाणी मला अजून आठवतं. तेवढ्यात एका शेळीनं माझ्या फाईलमधला अटींचा कागद ओढून चावायला घेतला. म्हातारी म्हणाली, "खाऊ दे. कुणीतरी अटी पोटात घेतल्या म्हणायच्या."

दुपारी पलीकडची पिठाची गिरणी एकदम बंद पडली. "गेली लाईट," ती म्हणाली.

कारखाना थांबला नाही, जनरेटर घुरघुरू लागला. पण हौदांच्या मोटारी गप्प. थोड्या वेळानं मागच्या भिंतीखालून, बेशरमाच्या झुडपांतून एक पाईप वाहायला लागला. तांबूस, कोमट, नाकात झोंबणारं पाणी नाल्यातून तिच्या विहिरीकडं निघालं. मी आम्ल तपासायचा कागद बुडवला. भडक लाल झाला. त्या गुलाबासारखाच.

"आन् बागेला?" मी विचारलं. माझी भाषा तेवढ्यात तिच्यासारखी झाली होती.

"बागेला टँकर येतोय की. रोज."

मी फाटकातून मॅनेजरला बोलावून आणलं. आधी तो माझी गाडी शोधत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, लाईटच नाही, आम्ही काय करणार?"

"मशीनला जनरेटर आहे, हौदाला का नाही?"

मी त्याच्यासमोरच पाईपखाली बाटली भरली, सील केली. त्यानं सही केली.

ऑफिसात साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "आठ दिवसांपूर्वी तुम्हीच समाधानकारक लिहिलंय. आता नवीन बिघाड झाला, असं लिहा. तुम्हीही सुटाल." माणूस वाईट नव्हता, माझ्याच भल्याचं सांगत होता. पण बिघाड नवीन म्हटला की तिच्या गाभडलेल्या शेळ्या त्या कारखान्याच्या खाती लागणार नव्हत्या. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, 'मागील पाहणीत माझी चूक झाली. मी वीज असताना गेले आणि बाग पाहून फसले.' साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि सही केली.

पाईप सिमेंटनं बुजवला गेला. हौदांना जनरेटर जोडला. कारखान्यानं विहीर उपसून द्यायची आणि तोवर शेळ्यांसाठी टँकर पाठवायचा, असा हुकूम निघाला. पुढच्या वर्षी बऱ्यापैकी पाऊस झाला, विहीर पुन्हा उपसली, पुन्हा भरली. पाणी पिण्यायोग्य असल्याचा प्रयोगशाळेचा कागद घेऊन मी ऐटीत तिच्याकडं गेले. सव्विशीतला तोरा सत्ताविशीत जात नसतो.

तिनं कागदाला हातही लावला नाही. "मला वाचता येत नाय. हिला दाव," म्हणत तिनं अटींचा कागद चावणाऱ्या त्याच शेळीपुढं विहिरीची बादली सरकवली.

शेळीनं वास घेतला. मान वर केली. म्हातारी हातातली काठीसुद्धा हलवत नव्हती. मग शेळीनं बादलीत तोंड घातलं आणि प्यायली, चांगली कान हलवत, बुडापर्यंत. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "ऊन लई हाय."

पिऊन झाल्यावर शेळी माझ्या हातातल्या कागदाकडं वळली. मी तो फारसा घट्ट धरला नाही.